हेमाची गॅलरी

परीक्षांचे दिवस आले की मला हेवा वाटायला लागतो. बाकीच्यांना या दिवसांत कैरीचा वास येतो, मोगरा आठवतो, कुणाच्या पोटात गोळा येतो. माझ्या पोटात दुखायला लागतं आणि पन्नाशी ओलांडली तरी ते दुखणं गेलेलं नाही. इथे बदलापूरला, कात्रपमध्ये, आमच्या समोरच्या इमारतीत आठवीतली एक मुलगी आहे. संध्याकाळी ती गॅलरीत फेऱ्या मारत नागरिकशास्त्राची उत्तरं मोठमोठ्यानं पाठ करते, अधूनमधून खाली चाललेल्या क्रिकेटकडे बघते आणि तिची आई आतून ओरडते, “बघू नकोस, वाच!” एवढं एक वाक्य कानावर पडलं की मी कात्रपची राहत नाही. अंबरनाथची आठ-नऊ वर्षांची मनी होते आणि उल्हासनगरला माझ्या आत्याच्या गॅलरीत कठड्याला पोट टेकवून उभी राहते.

गॅलरी आत्याची होती, पण मी तिला कायम हेमाची गॅलरी म्हणत आले. हेमा माझी आतेबहीण. वय माझ्याएवढंच, नाक माझ्यापेक्षा बरं. गोल मैदानासमोरच्या एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर ती जन्मली, तिथूनच शाळेत गेली, तिथूनच बँकेत नोकरीला लागली आणि लग्न झाल्यावर नवऱ्यालाही तिनं तिथेच राहायला आणलं. एकुलती एक मुलगी, त्यामुळे ते खपूनही गेलं. माणसाचं नशीब असावं तरी किती! त्या गॅलरीतून काय दिसायचं ते सांगते, म्हणजे माझं पोट का दुखतं ते कळेल.

डाव्या हाताला थिएटर. त्याच्या दर्शनी भिंतीवर हातानं रंगवलेलं भलंमोठं पोस्टर असायचं आणि ते एकसंध नसायचं. तुकड्यातुकड्यानं रंगवून आणायचे आणि दोर लावून वर चढवायचे. आधी नायिकेचं कपाळ वर जायचं, मग हनुवटी, आणि मधला डोळ्यांचा तुकडा खाली भिंतीला टेकून रस्त्याकडे बघत उभा असायचा. सायकलवाले त्या डोळ्यांना घंटी मारून पुढे जायचे. थिएटरच्या पायरीशी गोटी सोडा, त्याच्या शेजारी कुल्फी-फालुदा, मग दालपकवानची गाडी, मग एक फोटो स्टुडिओ. त्या स्टुडिओत पुठ्ठ्याची मोटरसायकल होती. तिच्यावर बसून फोटो काढायला नवी लग्नं झालेली जोडपी येत आणि नवरे मंडळी पुठ्ठ्याचं हँडल असं घट्ट धरून बसत की जणू गाडी उतारावर आहे. आणि समोर खुद्द मैदान. एरवी तिथे मुलं खेळत, म्हातारे गोलगोल फिरत. पण चैत्र लागला की मेळा यायचा आणि मैदानाला मैदान म्हणायची सोय राहायची नाही.

मौत का कुआँ, पोट फुगवणारे आणि मान लांब करणारे आरसे, बंदुकीनं फुगे फोडायचा फळा, कंबरेखाली साप असलेली बाई. आणि या सगळ्यांच्या डोक्यावर आकाशपाळणा. संध्याकाळी पाळण्याचे दिवे लागले की आत्याच्या गॅलरीतल्या तुळशीची पानं आधी लाल व्हायची, मग हिरवी, मग पिवळी. आमच्या अंबरनाथच्या घरातली तुळस बारा महिने हिरवी होती.

गुढीपाडव्याला बाबा मला घेऊन आत्याकडे जात. ते आगपेटीच्या कारखान्यात होते. त्यांच्या सणाच्या शर्टालासुद्धा काड्यांच्या गुलाचा वास यायचा. सकाळी आमची गुढी उभारायची, श्रीखंड-पुरी खायची आणि बहिणीसाठी साखरेची गाठी पिशवीत टाकून निघायचं. मला तिथे ठेवून बाबा परत येत, ते दुसऱ्या दिवशी संध्याकाळी न्यायला. दुसऱ्या दिवशी माझी शाळेला दांडी, कारण त्या दिवशी सिंधी लोकांचा नववर्षाचा सण, चेटीचंड असायचा. कणकेचे दिवे लावलेलं ताट डोक्यावर घेतलेली माणसं, काठ्या वाजवत फेर धरणारे पुरुष, रस्त्याच्या कडेला उभं राहून येईल त्याच्या हातावर गोड पिवळा भात देणाऱ्या बायका. परीक्षा तोंडावर असताना मला असं दांडी मारून कसं राहू देत, असं कुणाला वाटेल. त्याचं कारण साधं होतं. माझ्या अभ्यासाकडून घरात कुणालाही काही आशा नव्हती. हेमाकडून होती.

त्यामुळे गॅलरीत मी एकटीच असायची. पाडव्याच्या संध्याकाळपासून चेटीचंडच्या संध्याकाळपर्यंत जेवण, झोप आणि आंघोळ सोडली तर मी कठड्यावरून हलायची नाही. सकाळी मेळा झोपलेला असे, तेव्हाही मी तिथेच. म्हणून मला एक गोष्ट ठाऊक होती, जी तिकीट काढून आत जाणाऱ्यांना कधी कळली नाही. ती कंबरेखाली साप असलेली बाई सकाळी मैदानाच्या नळावर चांगली दोन पायांवर उभी राहून दात घासायची, आणि मौत का कुआँमध्ये मोटरसायकल उडवणारा तिचा नवरा बादली घेऊन तिच्यामागे रांगेत उभा असायचा. ती त्याला नंबर तोडू देत नसे.

आणि एक आकाशपाळण्याचं. ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. पाळणा वर आला की त्यातली माणसं आमच्या दुसऱ्या मजल्याच्या पातळीला यायची आणि खाली जायच्या आधी क्षणभर थांबायची. बरोबर माझ्यासमोर. घाबरलेली, ओरडणारी, एकमेकांचे दंड धरलेली माणसं, आणि त्या क्षणी सगळ्यांची नजर माझ्यावर पडायची. काहीजण हात करायचे. एकदा एका बाईनं शेजारच्या मुलीला माझ्याकडे बोट दाखवून काहीतरी म्हटलं आणि त्या मुलीनं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ना, ती नजर मी बरोबर ओळखली. मी स्वतः दर पाडव्याला हेमाकडे त्याच नजरेनं बघायची. त्या पोरीला वाटलं होतं की मी इथे राहते! मला हसू आवरेना. प्रत्येक फेरीला पाळणा वर आला की मी हसायची आणि हात करायची, अगदी घरच्या माणसासारखा, जरा कंटाळल्यासारखा.

हेमा मात्र आतल्या खोलीत. “ये ना गं बाहेर,” म्हटलं तर ती पुस्तकातून मान वर न करता म्हणायची, “मला काय, रोजचंच आहे.”

रोजचंच आहे! या दोन शब्दांनी माझ्या अंगाचा जो तिळपापड व्हायचा तो आजही आठवतो. एखाद्याकडे खाऊ असणं मी सहन करू शकते. पण खाऊ आहे, डबा उघडा आहे, आणि तो म्हणतो मला भूक नाही, हे कसं सहन करायचं? अंबरनाथला परत येताना मी रिक्षात बाबांशी बोलत नसे. त्यांना वाटायचं मला मेळ्याची आठवण येतेय. माझ्या डोक्यात दुसरंच चाललेलं असायचं. बाबांनी आपली बहीण त्या मैदानासमोर दिली, मग स्वतःचं घर तिथे का नाही घेतलं?

आमच्याकडे काय होतं? आमच्याकडे शिवमंदिर होतं. हजारेक वर्षांचं, काळ्या दगडातलं, लांबलांबून लोक बघायला यायचे. शिवरात्रीला आमच्याकडेही जत्रा भरायची, पाळणे यायचे. पण ते शिवरात्रीपुरतं. बाकी वर्षभर आमचं मंदिर आपलं गप्प बसून असायचं. शाळेच्या सहली यायच्या, सर त्या मुलांना भिंतीवरच्या मूर्ती दाखवायचे, आणि ती मुलं म्हणायची, “किती मज्जा, तुम्ही इथेच राहता!” मी म्हणायची, “मला काय, रोजचंच आहे.” म्हणून बघितलं एकदा. पण हेमाच्या म्हणण्यात जी ऐट होती ती त्यात आली नाही. हजार वर्षांचं देऊळ मी तेव्हा एका आकाशपाळण्याच्या बदल्यात दिलं असतं, वर नंदीही दिला असता.

त्या सगळ्या झगमगाटात एकच गोष्ट माझी स्वतःची होती, असं मी काही वर्षं समजत होते. आत्याच्या शेजारच्या घरात देवी आंटी राहायच्या. दोन्ही गॅलऱ्यांच्या मध्ये छातीएवढी भिंत. आंटींच्या बाजूला खाटेवर पापड वाळत घातलेले असत. मी पहिल्यांदा त्या गॅलरीत उभी राहिले तेव्हा भिंतीपलीकडून आंटींनी मान काढली आणि विचारलं, “मानी खाधी?” मी चाट पडले. या बाईंना माझं नाव कसं माहीत? मी लाजून मान हलवली, तशा त्या आत गेल्या आणि भाजलेला पापड आणि पाण्याचा पेला घेऊन आल्या. त्यांच्यात पाहुण्याला पापड-पाणी देतात, हे मला नंतर कळलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी हेमाला पुन्हा तेच विचारलं, “मानी खाधी?” म्हणजे मी समोर नसले तरी माझी चौकशी होते! वर्षभर अंबरनाथला मी या एका गोष्टीवर जगायची. पोस्टरं हेमाची, मेळा हेमाचा, गॅलरी हेमाची, पण तिथे एक माणूस माझी वाट बघतं.

पाचवीत असताना मी हे मोठ्या तोऱ्यात हेमाला सांगितलं. ती पुस्तक मिटून हसत सुटली. “अगं येडे, मानी म्हणजे पोळी! सिंधीत जेवलीस का म्हणून विचारतात, मानी खाधी का. मला तर रोज विचारते ती.”

घ्या. माझं नावसुद्धा तिथे पोळीचं निघालं आणि तेही हेमालाच रोज मिळत होतं.

तरी पापड खायला मी त्या भिंतीशी जायचीच. हात पापडाच्या पिठात गुंतलेले असले की आंटी बोलायला लागत. एकदा मी त्यांना विचारलं की सगळी मजा तुमच्याकडेच का येऊन बसलीय, आमच्या अंबरनाथला का नाही. आंटी म्हणाल्या, फाळणीनंतर आम्हाला इथे लष्कराच्या बराकींमध्ये आणून ठेवलं, तेव्हा इथे काही नव्हतं. गवत होतं आणि विंचू होते. एका बराकीत कितीतरी कुटुंबं, मध्ये गोणपाटाचे पडदे. संध्याकाळ झाली की आत बसवेना, कारण आत बसलं की बायका रडायला लागत. मग सगळे बाहेर मोकळ्या जागेत येऊन बसायचे. कुणी सरबत विकायला घेऊन आला. कुणी शेंगदाणे. एकानं दोन बांबूंना पांढरी चादर बांधली आणि हातानं फिरवायच्या मशीनवर चित्रं दाखवायला लागला. आंटी तेव्हा परकरातल्या होत्या. त्यांनी पिठाचा हात हवेत फिरवून समोरचं थिएटर, सोडावाला, पाळणा, सगळं एकदम दाखवलं.

“घर तो बाद में बने, पुट,” त्या म्हणाल्या. “शाम पहले बनी.”

मला त्यातलं रडणं तेव्हा ऐकू आलं नाही. मला एवढंच वाटलं, बराकीत का होईना, पण यांना राहायला मिळालं ना इथे. हेवा असा असतो. त्याला दुसऱ्याच्या ताटातलं फक्त गोडच दिसतं.

मग आम्ही मोठ्या झालो. हेमाला बँक मिळाली, मला बदलापूर. माझ्या नवऱ्यानं कात्रपला फ्लॅट घेतला तेव्हा इथे संध्याकाळी बेडूक ओरडायचे आणि पाहुणे म्हणायचे, हवा छान आहे. ज्या गावाबद्दल बोलायला दुसरं काही नसतं तिथली हवा छान असते. आता इथेही सगळं आलंय. कॅफे आलेत, एसी थिएटर आलंय, लहान मुलांसाठी रबरी गाद्यांचं खेळघर आलंय. तिकडे उल्हासनगरला हेमाच्या गॅलरीसमोरचं थिएटर कधीच बंद झालं. आधी तिथे हॉल निघाला, मग जीन्सची दुकानं. फोटो स्टुडिओतली मोटरसायकल पावसात भिजून मेली असणार. थिएटर बंद झाल्याचं हेमानं फोनवर सांगितलं तेव्हा मी “अरेरे” म्हटलं, आणि फोन ठेवल्यावर मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?

या वर्षी पाडव्याच्या आठवडाभर आधी हेमाचा फोन आला. समोरची मुलगी गॅलरीत तिच्या उत्तरांशी झगडत होती.

“मने, आमची बिल्डिंग पाडतायत गं. रिडेव्हलपमेंट. चेटीचंडच्या संध्याकाळी सगळे शेवटचे एकत्र जमणार आहेत, मग जो तो आपापल्या वाटेनं. आणि मला बोलायला सांगितलंय.”

“कशावर?”

“या चौकावर. आधी काय होतं, मेळा कसा असायचा, थिएटर, सगळं. म्हणे जन्मापासून तू इथली, तूच बोल.” मग ती हळूच म्हणाली, “मने, मला काहीच आठवत नाही.”

“काहीच म्हणजे?”

“म्हणजे मेळा यायचा हे माहितेय. पण काय काय असायचं, कुठे काय होतं... तू बघत बसायचीस ना सारखी. तू सांग ना.”

माझ्या हातातली कणीक तशीच राहिली. जन्मभर जिच्याकडे सगळं होतं, तिच्याकडे काहीच निघालं नाही. आणि माझ्याकडे सगळं होतं. पोस्टरचे तुकडे कुठल्या क्रमानं वर जायचे इथपासून सोडावाल्याच्या बाटल्यांच्या रंगापर्यंत. इतक्या वर्षांत ते पुसलं गेलं नाही, कारण मी ते जळून जळून पाठ केलं होतं. नागरिकशास्त्र असं पाठ केलं असतं तर मीही बँकेत लागले असते. मला वाटायला हवा होता आनंद, पण वाटली भीती. ही आता हेही मागणार. गॅलरी तिची होतीच, आता आठवणसुद्धा तिची होणार. चार लोकांसमोर ती उभी राहून म्हणणार, मी बघायची. आणि लोक टाळ्या वाजवणार.

“बघते आठवून,” असं म्हणून मी फोन ठेवला. दोन दिवस मी तिला फोन केला नाही. नवरा म्हणाला, “अगं, सांगून टाक ना. तुझ्या आठवणी काय कमी होणारेत का त्यानं?” या माणसाला कधी कुणाचा हेवा वाटलेला नाही. त्याचाही मला अधूनमधून हेवा वाटतो.

शेवटी मी फोन केला आणि सांगितलं. सांगायला लागले आणि मला थांबता येईना. नायिकेचे भिंतीला टेकलेले डोळे सांगितले. नळावर दात घासणारी सापबाई सांगितली. हेमा पलीकडून लहान मुलीसारखी “हो? खरंच?” करत होती. चादरीचा सिनेमा सांगितला, आंटींचं ते संध्याकाळ आधी झाल्याचं वाक्य सांगितलं. फक्त पाळण्याचं सांगितलं नाही. तिनं विचारलंसुद्धा, “आणि पाळणा?” मी म्हटलं, “पाळणा काय, पाळण्यासारखा पाळणा.” ते मला द्यायचं नव्हतं.

चेटीचंडच्या संध्याकाळी मी गेले. इमारतीच्या आवारात प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या, गोड भात होता, पापड होते. वर हेमाच्या गॅलरीत तुळशीची रिकामी कुंडी दिसत होती. देवी आंटी पहिल्या रांगेत बसल्या होत्या, अगदी लहानशा झालेल्या. त्या आता पुण्याला मुलाकडे जाणार होत्या. मी वाकून नमस्कार केला आणि म्हटलं, “आंटी, मैं मनी.” त्यांनी कानाला हात लावला. ऐकू कमी येत होतं.

हेमा बोलायला उभी राहिली, उल्हासनगरच्या त्या हिंदीत, जिच्यात मराठी आणि सिंधी कुठे शिरतात ते बोलणाऱ्यालाही कळत नाही. आणि झालं. माझे शब्द एकामागून एक तिच्या तोंडून बाहेर पडायला लागले. कपाळ, हनुवटी, डोळे. लोक हसले. सापबाईच्या नळावर तर मागच्या रांगेतल्या दोघी खुर्चीवरून पडायच्या बाकी राहिल्या. एक म्हातारे गृहस्थ उभे राहून म्हणाले, “सही बोली! डोळे नीचेच रखते थे!” मी हातातल्या पापडाचा चुरा करत बसले होते. माझं नाव ओरडावं, उठून सांगावं की हे माझं आहे, असं वाटत होतं. त्या वेळी ती मला चोर वाटत होती, आणि चोरी मीच तिच्या हातात दिली होती.

“और वो पाळणा,” हेमा म्हणाली, “मतलब झूला...” आणि थांबली.

मी मान वर केली.

“झूले का मुझे मालूम नहीं,” ती म्हणाली. “सच बोलूँ तो यह सब मैंने देखाच नहीं है. यह सब मेरी बहन ने देखा, मनी ने, वो वहाँ बैठी है. मेला हमेशा एग्जाम में आता था ना. आई दरवाजा बंद करती थी, मेरे कान में कापूस डालती थी, और बोलती थी, बघू नकोस, वाच. मैं अंदर थी.” ती जरा हसली. “झूले का मुझे सिर्फ आवाज मालूम है. कर्र करके ऊपर आता था. कापूस में से भी आता था. और वो ऊपर आया की यह हँसती थी. हर बार. मैं अंदर बैठके सोचती थी, ऐसा क्या है वहाँ, यह क्यों हँसती है? इतना गुस्सा आता था मुझे इसका. मैं बोलती थी, मेरा तो रोज का है. क्या रोज का? कुछ नहीं था रोज का.”

कुणीतरी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनी. लोक वळून माझ्याकडे बघत होते.

अशा वेळी माणसाचं मन भरून येतं म्हणतात. माझं आलंही, नाही असं नाही. पण त्याच्या आधी दुसरंच काही आलं. निदान हेवा तरी माझा एकटीचा आहे असं मी जन्मभर समजत होते. तोही तिच्याकडे होता, आणि माझ्यापेक्षा चांगला होता. मी तर निदान वर्षातून एकदा बघत तरी होते. तिचा हेवा बंद दारामागचा, कानात कापूस घातलेला. त्याच्यापुढे माझा फारच किरकोळ ठरला.

जेवणं झाली. निघताना देवी आंटींनी हेमाचा हात धरला, मग माझा, आणि आम्हा दोघींकडे बघत विचारलं, “मानी खाधी?” हेमा म्हणाली, “खाधी, आंटी.” मीही म्हटलं, “खाधी.” मला स्टेशनवर सोडायला हेमा रिक्षात बसली. मग म्हणाली, “मने, उद्यापासून हे मला कोण विचारणार?” पहिल्यांदाच असं झालं होतं की हेमाकडे बघून हेवा वाटावा असं काही मला सापडत नव्हतं, आणि ते मला मुळीच आवडलं नाही.

पण ते फार दिवस टिकलं नाही. नवी इमारत होईपर्यंत हेमानं भाड्यानं घर घेतलं ते आमच्याच बदलापुरात, पश्चिमेला हेंद्रेपाड्यात. वरच्या मजल्यावर. काल मी ते बघायला गेले. आत पाऊल टाकलं आणि समोर गॅलरी, आणि गॅलरीतून उल्हास नदी, तिचं ते मोठं वळण, पलीकडची झाडं, वर उतरतं ऊन. मी इतकी वर्षं या गावात राहते. माझ्या गॅलरीतून समोरच्यांचे टॉवेल दिसतात. हिला येऊन आठ दिवस झाले आणि हिला नदी! माझ्या पोटात जुन्या जागी कळ आली आणि खरं सांगते, फार बरं वाटलं.

मी सरळ गॅलरीत जाऊन खुर्ची ओढून बसले. हेमा आत ओट्याशी लसूण सोलत होती, नदीकडे पाठ करून.

“ये ना गं बाहेर,” मी म्हटलं.

“तू बैस. मला काय, रोजचंच आहे.” आणि तिचं तिलाच हसू आलं. खाली कुठेतरी कुणाचं तरी पाठांतर चाललं होतं, इकडेही परीक्षाच. थोड्या वेळानं आतून आवाज आला. “मने, त्या दिवशी विचारायचं राहिलं. पाळणा वर आला की तू हसायचीस कशाला?”

मला वाटलं टाळावं. मग वाटलं, आता काय टाळायचं.

“पाळण्यातली माणसं बरोबर माझ्यासमोर यायची,” मी म्हटलं. “माझ्याकडे बघायची. त्यांना वाटायचं मी तिथलीच आहे.”

आत ताटली ओट्यावर ठेवल्याचा आवाज आला.

“मग?” हेमा म्हणाली. “होतीसच की. तिथली तूच होतीस. मी तर आत होते.”

ती पदराला हात पुसत बाहेर आली आणि दारातच उभी राहिली, इतक्या वर्षांच्या सवयीनं, कुणी ओरडेल की काय अशी. खुर्ची एकच होती. गॅलरी तिची होती, तरी सरकून जागा मी दिली.